शेतीचे आणि अन्नाचे सूक्ष्मजीव जपून का ठेवतात? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणारा म्हणून गावात माझी ओळख टिकून आहे. शेतकरी मेळाव्यात, देवळाच्या मंडपात लोक अडवून विचारतात. एकदा तर लग्नाच्या पंगतीत आमटी वाढता वाढता एकाने विचारलं, "सर, जंतू सांभाळून ठेवतात म्हणे, कशाला?" पातळ आमटी पानभर पसरेपर्यंत काही मला उत्तर देता आलं नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

सूक्ष्मजीवांचा संग्रह म्हणजे काय? जाऊन बघता येतो का?

बघण्यासारखं फार काही नसतं, आधीच सांगतो. एक थंड खोली, काही डीप फ्रीझर, द्रवरूप नायट्रोजनची दुधाच्या कॅनसारखी दिसणारी पिंपं आणि करंगळीएवढ्या हजारो कुप्या. प्रत्येक कुपीत एकेका वाणाचे जिवाणू, यीस्ट किंवा बुरशी झोपवून ठेवलेली. मागणी आली की एक कुपी उघडायची, आतला जीव पोषणमाध्यमावर जागा करायचा आणि पाठवून द्यायचा.

घरातलं उदाहरण विरजणाचं. आपलं बिघडलं की शेजारणीकडून वाटीभर आणतो. शेजारणीचं घर हा आपला राखीव साठा. संग्रह हेच काम करतो, फक्त ही शेजारीण कधी माहेरी जात नाही.

फरक पडतो तो वहीमुळे. कुपीतला जीव कुठल्या गावच्या शेतातून, कुठल्या झाडाच्या मुळावरून, कुठल्या दिवशी घेतला, कशावर वाढतो, काय काम करतो, हे लिहिलेलं नसेल तर ती कुपी म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव नसलेली जमीन. आहे खरी, पण तिचं करायचं काय? माझ्या मते संग्रहाचा निम्म्याहून जास्त जीव त्या वहीतच असतो.

जंतू तर मातीत, हवेत, हातावर सगळीकडे आहेत. ते संपणार थोडेच?

जात संपत नाही, वाण हातचा जातो. भात जगभर आहे, पण खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतातल्या, खाऱ्या पाण्यात तग धरणारा कोरगुट जगभर नाही. तसंच हे.

अळसांद्यांचं बघा. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपण अळसांदे, म्हणजे चवळी, पेरतो. रोप मातीसकट अलगद खणून काढलं तर मुळांवर गाठी दिसतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. गाठींतले हे जिवाणू बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये पहिल्यांदा वेगळे करून वाढवले. नखाने गाठ फोडून बघा. आत गुलाबी-तांबूस रंग असला तर काम चालू आहे. पांढरी असली तर आतले पाहुणे नुसते जेवतायत. गंमत अशी की दोन्ही गाठींतले जिवाणू एकाच जातीचे असू शकतात. त्यातला कामसू वाण हुडकायला कुंड्यांतून आणि मग शेतातून हंगामामागून हंगाम चाचण्या घ्याव्या लागतात. एवढं करून सापडलेला वाण हरवला, तर त्याच बांधावर परत जाऊन तोच मिळेल अशी खात्री कोणी देत नाही.

ब्राझीलमध्ये सोयाबीनला नत्रखत जवळजवळ घालतच नाहीत. तिथल्या संग्रहांत जपलेले निवडक वाण दरवर्षी बियाण्याला चोळले जातात आणि त्यावर पीक उभं राहतं. एवढ्या मोठ्या देशाच्या खताचा खर्च मूठभर कुप्यांनी वाचवला आहे.

दुसरी गोष्ट पेनिसिलिनची, पण तीही शेतीखात्याचीच. १९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया शहरात बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर पेनिसिलियम बुरशीचा असा वाण सापडला की तो आधीच्या वाणांपेक्षा कितीतरी जास्त पेनिसिलिन देत होता. कृषी खात्याच्या तिथल्या प्रयोगशाळेने तो जपला. पुढे त्याच्याच वंशातून कारखान्यांचे वाण निघाले. त्याचा संग्रहक्रमांक एनआरआरएल १९५१ असा आहे, एनआरआरएल हे त्या प्रयोगशाळेचं लघुनाव. तो क्रमांकच आहे, साल नव्हे. माझे विद्यार्थी परीक्षेत हटकून तिथे चुकायचे.

गोव्यात असं जपण्याजोगं काय आहे?

पहिला मान माडाच्या सुराचा, म्हणजे ताडीचा. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, माडावरून उतरेपर्यंतच सूर आंबायला लागलेला असतो. त्यात यीस्ट असतं, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, झायमोमोनास हा जिवाणू असतो. उशीर झाला तर ॲसेटिक आम्लवाले वर चढतात आणि सुराचा शिर्का होतो. याच सुरावर पोई हा आपला पाव फुगायचा, तांदळाची सान्नां फुगायची. आज रेंदेर मोजके उरलेत, माडावर चढायला पोरं तयार नाहीत, आणि बहुतेक पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, बाजारचं यीस्ट धरलं आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. मध्यरात्री उठून भट्टी पेटवणाऱ्याला ठरल्या वेळी फुगणारं पीठ लागतं. पण बाजारच्या पुडीत एकाच वाणाचं यीस्ट असतं, सुरात अख्खा वाडा नांदायचा. पोईला तो मंद आंबूसपणा वाड्यामुळे होता.

दुसरा काजू. बोंडू तुडवून काढलेल्या रसात पूर्वापार कोणी यीस्ट घालत नाही. बोंडाच्या सालीवर, कोळंबीच्या, म्हणजे बोंडू तुडवायच्या कुंडाच्या, दगडावर, भांड्याच्या आत जे यीस्ट बसलेलं असतं त्याच्यावरच रस तीनेक दिवसांत आंबतो आणि फेणी गाळायला भाटीवर चढतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन नावाची आणि रीतीची राखण करतं, मातीच्या भांड्याच्या भेगेत बसलेल्या यीस्टची नाही. आणि मातीच्या भांड्यांच्या जागी प्लास्टिकची पिंपं आली, ती रोज धुऊन लख्ख करता येतात. स्वच्छतेला चांगलंच, यीस्टच्या जुन्या घराण्याला मात्र बेघर करणारं.

तिसरं खाजन. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. बांध फुटला, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बिघडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि गोड्या मातीतले बरेचसे सूक्ष्मजीव माघार घेतात. जे टिकतात ते क्षारांशी झगडत मुळांना मदत करणारे. जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत अशा स्थानिक जिवाणूंवर काम चालतं. 'गोवा बायो-१' हे पिकांच्या वाढीसाठीचं जिवाणूखत त्याच संस्थेचं. समुद्र जसजसा आत येईल तसतशी खाजनातल्या या जिवाणूंची गरज दुसऱ्या किनाऱ्यांनाही पडणार आहे.

मिठागरं विसरू नका. रायबंदर, नेरूल, आगरवाडा इथल्या मिठागरांत उन्हाळ्याच्या शेवटी पाणी गुलाबी दिसतं, त्यामागे मिठावर जगणारे सूक्ष्मजीव असतात. मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याच्या थेंबातसुद्धा ते जिवंत राहतात. खाऱ्या सुक्या मासळीवर पावसाळ्यात लालसर बुरा चढतो तोही याच कुळातला. म्हणजे शत्रूही आपल्याच आगरातला.

मी पोदेर आहे. आजोबांच्या वेळचा सूर कुठे मिळाला, तर फ्रीझरमध्ये ठेवून जपता येईल का?

थोडाफार. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. त्या थंडीत पेशींमधल्या पाण्याचे खडे होतात आणि पेशी फाटतात. काही वाचतात, पण जे वाचतात ते त्याच प्रमाणात वाचत नाहीत. बाटली वितळवल्यावर सूर दिसेल, वाडा मोडलेला असेल.

त्यापेक्षा हे करून बघा. सुराने आंबवलेलं पीठ स्वच्छ फडक्यावर किंवा बेकिंगच्या कागदावर पापडासारखं पातळ पसरा, सावलीत पंख्याखाली कडकडीत वाळवा, चुरा करून हवाबंद बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. काही महिने तरी त्यातून पुन्हा खमीर उठतं. मात्र हे एप्रिल-मेमध्येच करायचं. मृग लागल्यावर गोव्यात पापडसुद्धा वाळत नाही, खमीर कुठलं वाळायला.

प्रयोगशाळेत यापेक्षा पक्कं काम होतं. सुरातले वाण एकेक करून वेगळे ठेवतात, आणि शिवाय मूळ मिश्रणही ग्लिसरॉल घालून खोल थंडीत ठेवतात. दोन्ही हवंच, कारण वेगवेगळे जपलेले वाण पुन्हा एकत्र केले की जुना सूर होतोच असं नाही.

प्रयोगशाळेत नेमकं जपतात कसं?

सगळ्यांत जुनी रीत विरजणाचीच. काचनळीत अगारचं माध्यम तिरकं घट्ट करायचं, त्यावर जंतू वाढवायचा, ४ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि काही आठवड्यांनी नव्या नळीत घ्यायचा. स्वस्त आणि सोपं, पण घातक. दर वेळी थोडी भेसळ होण्याचा धोका, आणि जंतू आरामाला सोकावतो. माडाच्या गेंड्या भुंग्यावर वापरायची मेटारायझियम ही हिरवी बुरशी घ्या. शेणखताच्या खड्ड्यात ती भुंग्याच्या अळ्या मारते. पण काचनळीत आयतं खाऊन पिढ्यान्‌पिढ्या वाढली की तिची मारण्याची ताकद उतरते. मग तिला पुन्हा जिवंत अळीवर सोडून, मेलेल्या अळीवरून परत वेगळी करावी लागते. गाठींतल्या जिवाणूंच्या, म्हणजे रायझोबियमच्या, काही जातींत गाठी करण्याची जनुकं प्लास्मिड नावाच्या सुट्या तुकड्यावर असतात, तो तुकडाच कधी कधी गळून पडतो. नळीत जिवाणू ठणठणीत, शेतात निरुपयोगी.

नळीवर निर्जंतुक मिनरल ऑइल ओतलं की हवा तुटते, वाढ मंदावते, बुरशी वर्षानुवर्षं टिकते. आमच्याकडे तेलाचा दुसराही उपयोग होता. पावसाळ्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट बुरशीच्या तबकड्यांत शिरतात आणि एका तबकडीतले बीजाणू पायांना लावून दुसरीत नेतात. चार दिवसांत सगळा संग्रह एकमेकांत मिसळलेला. तेलात मात्र ते बुडून मरतात. कोरड्या हवेतल्या प्रयोगशाळांना हा ताप आपल्याइतका नाही.

पक्की रीत म्हणजे गोठवून सुकवणं. जिवाणू साय काढलेल्या दुधात किंवा साखरेच्या द्रावणात घोळवतात, गोठवतात आणि निर्वातात त्यातलं पाणी थेट वाफ करून काढतात. काचेची कुपी ज्योतीवर वितळवून बंद करतात. आत चिमूटभर पांढरी भुकटी उरते. ती दशकानुदशकं टिकते आणि टपालाने पाठवता येते. बुरशीचे काही प्रकार आणि नाजूक जिवाणू मात्र हे सोसत नाहीत. त्यांना ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर किंवा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावं लागतं. नायट्रोजन रोज थोडा उडून जातो, तो भरत राहायला माणूस लागतो. चतुर्थीच्या सुट्टीतसुद्धा.

चतुर्थीवरून आठवलं. मी नोकरीला होतो तिथे एका वर्षी चतुर्थीच्या सुट्टीत वीज गेली, फ्रीज वितळला. परत येऊन बघतो तर तळाशी पाणी, नळ्या त्यात तरंगतायत. तपासून बघितलं तर एकतीसच्या एकतीस जंतू जिवंत. पण बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची शाई पसरून निळं पाणी झालं होतं. कुठली नळी सत्तरीच्या कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, आणि कुठली पेडण्याच्या शेतातली, काही कळेना. सगळ्या नळ्या वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकाव्या लागल्या. जिवंत होते, तरी.

रोग पाडणारे जंतूही जपतात म्हणे. ते कशाला?

रोगप्रतिकारक बियाणं तपासायचं कसं? आगशीच्या वांग्यांना मर रोग पाडणारा राल्स्टोनिया जिवाणू हाताशी नसेल, तर नवं वाण मर सोसतं की नाही हे कळणार नाही. सुपारीच्या कोळेरोगाचा फायटोफ्थोराही तसाच. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाला पर्याय शोधायचा तर आधी रोग हवा. अर्थात असे जंतू कुलपात असतात आणि कारण सांगितल्याशिवाय कोणाला मिळत नाहीत.

हे संग्रह आहेत कुठे?

पहिला सार्वजनिक संग्रह फ्रांतिशेक क्राल यांनी १८९० मध्ये प्राग शहरात उभा केला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला बुरशींचा संग्रह १९३६ पासूनचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणारे सूक्ष्मजीव १९५१ पासून जपले आहेत. चंडीगडचा एमटीसीसी नावाचा सूक्ष्मजीवसंग्रह १९८६ चा. पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह. दुधाच्या विरजणांसाठी कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था.

शेतीसाठीचा मुख्य संग्रह उत्तर प्रदेशात मऊ इथे, राष्ट्रीय कृषी उपयोगी सूक्ष्मजीव ब्यूरोत. शेतकऱ्याने विचारायचं झालं तर तिथे. गोव्यात विद्यापीठाचा बुरशींचा संग्रह आहे, ताळगावच्या पठारावर. सह्याद्रीच्या पालापाचोळ्यातल्या बुरशींवर तिथे मोठं काम झालं. आपल्या अंगणात असूनही फार थोड्यांना हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

मी घरीच जीवामृत करतो. मग मला संग्रहाचं काय?

जीवामृत चालू ठेवा. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, यातून जे उठतं ते त्या दिवसाचं, त्या गाईचं, त्या बांधाचं असतं. पुढच्या पिंपात नेमकं तेच नसतं. एखाद्या वर्षी मर रोग थांबला तर कोणामुळे थांबला हे पिंप सांगत नाही. ते शोधायचं असेल तर त्या मातीतला वाण वेगळा करून, नाव देऊन, जपावा लागतो.

दुकानातल्या जैविक खताच्या पाकिटाशी याचा काय संबंध?

पाकिटातला मूळ वाण सहसा संग्रहातूनच आलेला असतो. २००६ पासून जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. रायझोबियमच्या भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात. ट्रायकोडर्मा ही रोगांवर वापरायची बुरशी कीडनाशक कायद्याखाली येते, तिला ग्रॅममागे किमान २० लाख.

पाकिटावरची मुदत बघा. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं पाकीट घेऊ नका, मुदत कितीही असो. आणि बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याला त्याच दिवशी जैविक खत चोळू नका. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी चोळतोच.

आपल्या मातीतला जंतू कोणी परदेशी कंपनीने उचलून पेटंट घेतलं तर?

निसर्गात सापडलेला जंतू जसाच्या तसा भारतात पेटंट होत नाही. त्यात बदल केला किंवा त्याच्या वापराची नवी प्रक्रिया शोधली तर होऊ शकतं. जैवविविधता कायदा २००२ चा. परदेशी व्यक्ती किंवा कंपनीला इथले जैविक संसाधन घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि नफ्यातला वाटा द्यावा लागतो. सूक्ष्मजीवही त्यात येतात. वाट्याचा हाच विचार २०१० च्या नागोया करारात आहे, तो २०१४ पासून लागू झाला.

पेटंटसाठीचा जंतू मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. त्यासाठी १९७७ चा बुडापेस्ट करार आहे, भारत त्यात २००१ मध्ये आला आणि २००२ मध्ये चंडीगडला तो दर्जा मिळाला. ठेव किमान ३० वर्षं राखायची असते.

पण वाटा मागायला आधी तो जंतू आपल्या गावचा होता हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवते पुन्हा वहीच. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोक जैवविविधता नोंदवही करते. त्यात झाडं, मासे, औषधी मुळ्या येतात. आंबवायच्या रीती लिहायचं सहसा कोणाला सुचत नाही. ग्रामसभेत हात वर करून सुचवा.

सगळे सूक्ष्मजीव असे जपता येतात का?

नाही. मातीतले बहुतेक जंतू अजून कोणाला काचनळीत वाढवताच आलेले नाहीत. मुळांना स्फुरद पुरवणारी मायकोरायझा बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, तिला कुंडीत रोपासकट सांभाळावं लागतं. म्हणजे संग्रह आणि बाग एकाच वेळी. म्हणून कुळागरातली जुनी माती, जिथे नांगर कधी लागला नाही, ती जागेवरच राहू द्यावी असं मला वाटतं. तिला कुपी नाही.

माझ्या शेतातला नमुना तपासायला द्यायचा आहे. काय करू?

गाठी असतील तर पीक फुलावर असताना रोप मातीसकट खणा, उपटू नका, गाठी तुटतात. माती हवी असेल तर वरचा पालापाचोळा बाजूला करून बोटभर खालची, चार-पाच ठिकाणची घ्या. सूर किंवा रस असेल तर उकळून गार केलेल्या बाटलीत, वर थोडी जागा सोडून, बूच सैल ठेवून न्या. घट्ट लावलं तर बाटली वाटेत फुटते, स्कूटरच्या डिकीत माझी फुटली आहे. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. आधी फोन करून विचारा, सगळेच नमुने सगळीकडे घेत नाहीत.

सोबत कागद जोडा: गाव, वाडा, शेताचं नाव, तारीख, पीक आणि त्याचं वाण, मागच्या वर्षी काय पेरलं होतं, कुठलं खत आणि औषध मारलं होतं, पाणी गोडं की खारं. सूर असेल तर माड कुठला आणि किती वाजता उतरवला. कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा.